ब्लूटूथ : एका फोनला अनेक उपकरणे
एकाच मोबाइल फोनला घड्याळ, इअरबड, गाडीतला स्टिरिओ, कीबोर्ड अशी दोन किंवा अधिक उपकरणे एकाच वेळी बिनतारी जोडलेली असणे. इथे ‘पेअर’ आणि ‘कनेक्ट’ यांची गल्लत नेहमी होते. पेअर करणे म्हणजे एकदाच करून द्यायची ओळख. ती फोन लक्षात ठेवतो. यादीत पंधरा नावे असली, तरी या घडीला फोनशी ज्यांचा संपर्क चालू आहे तेवढीच कनेक्टेड.

ब्लूटूथचे काम १९९४ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे, एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन यांनी सुरू केले. मूळच्या, म्हणजे क्लासिक पद्धतीत फोन आणि त्याला जोडलेली उपकरणे मिळून ‘पिकोनेट’ होते. त्यातल्या प्रत्येक चालू उपकरणाला तीन बिटांचा पत्ता मिळतो. तीन बिटांत आठ आकडे बसतात. शून्य सर्वांना उद्देशून पाठवायच्या संदेशासाठी राखीव. उरले सात. सर्वत्र सांगितली जाणारी सात उपकरणांची मर्यादा ती हीच. फोन सातांशी एकदम बोलत नाही. सेकंदाचे १,६०० भाग पाडून तो आळीपाळीने एकेकाकडे वळतो, म्हणून सगळी एकदम जोडल्यासारखी वाटतात. २०१० च्या ४.० आवृत्तीत आलेल्या लो एनर्जी पद्धतीत सातचे हे बंधन नाही; तिथे चिपची कुवत पाहायची.

खरी अडचण आवाजाची आहे. घड्याळाला अधूनमधून चिमूटभर माहिती पुरते, गाण्याचा प्रवाह मात्र अखंड लागतो आणि दोन ठिकाणी वाजवायचे तर तो दोनदा पाठवावा लागतो. त्यामुळे फोन सहसा एकच जागा निवडतो. कानात इअरबड असतात, गाडी सुरू होताच स्टिरिओही कनेक्ट होतो आणि घरचा खासगी कॉल मागच्या सीटपर्यंत ऐकू जातो. अशा वेळी कॉलच्या पडद्यावरील स्पीकरचे चिन्ह दाबून इअरबड निवडावेत. सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ वर, तर ॲपलने २०१९ मध्ये आयओएस १३ मधून इअरबडच्या दोन जोड्यांना एकच आवाज पुरवण्याची सोय दिली.

‘मल्टिपॉइंट’ हा याच्या उलटा प्रकार : हेडफोन एक, फोन दोन. खोक्यावरचा हा शब्द वाचून अनेकजण फसतात.

आवाज दोनदा पाठवण्याच्या अडचणीवर उतारा म्हणजे ब्लूटूथच्या, २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या आवाज-पद्धतीतील ‘ऑराकास्ट’; ते प्रत्येकाला वेगळा प्रवाह न पाठवता थेट प्रक्षेपणच करते. ऐकणाऱ्यांची मोजदाद त्यात नाही. याचा सर्वांत मोलाचा उपयोग कमी ऐकू येणाऱ्यांना आहे. टीव्हीचा आवाज न वाढवता आजोबांच्या कानाच्या मशीनमध्ये आणि आजींच्या इअरबडमध्ये एकच मालिका ऐकू येऊ शकते. मात्र आवाज पाठवणारे आणि ऐकणारे, दोन्ही उपकरणांत ही सोय हवी; मशीन घेताना दुकानात आधी हेच विचारावे.