चेहऱ्याला ऋतू कसा चिकटला?

#थ्रेड #इतिहास

१/ चेहऱ्याजवळ एकामागून एक रंगीत कापडे धरायची आणि त्या व्यक्तीचा ऋतू ठरवायचा: वसंत, ग्रीष्म, शरद किंवा शिशिर. मग तिने त्याच ऋतूच्या रंगांचे कपडे वापरायचे. कोरियातील स्टुडिओंमुळे आज गाजत असलेल्या या पद्धतीचे मूळ मात्र पॅरिसमधील एका तक्रारीत आहे.

२/ १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्रल गोबलँ येथील सरकारी विणकामशाळेच्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तेथील भिंतपडदे युरोपभर नावाजलेले होते. तक्रार अशी होती की, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा फिका दिसतो.

३/ शेव्रलने इतर ठिकाणच्या काळ्या लोकरीशी तो धागा ताडून पाहिला. रंगात खोट नव्हती, दोष शेजाराचा होता. डोळा प्रत्येक रंगाच्या शेजारी त्याच्या विरोधी रंगाची छटा पाहतो. म्हणून जांभळ्याजवळचा काळा पिवळसर आणि निस्तेज भासत होता.

४/ १८३९ मध्ये त्याने या नियमावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चित्रे, बागा आणि गालिचे यांच्या बरोबरीने वस्त्रे आणि कांती यांचाही विचार आहे. जांभळे वस्त्र गोऱ्या चेहऱ्यावर हिरवट-पिवळी झाक आणते, असे तो सांगतो. ताम्रवर्णी आणि कृष्णवर्णी त्वचेचाही त्याने स्वतंत्र विचार केला होता.

५/ पुढचा टप्पा जर्मनीतला. बाऊहाउसमध्ये शिकवून बाहेर पडलेल्या योहानेस इटेन याने १९२८ साली विद्यार्थ्यांना ठरावीक रंगसंगती रंगवायला दिल्या. त्या विसंगत असल्याची कुरकुर सुरू झाली. तेव्हा त्याने प्रत्येकाला स्वतःला सुसंवादी वाटणारे रंग मांडायला सांगितले. प्रत्येकाची मांडणी निराळी निघाली आणि तिचे नाते त्याच्या केसांशी, डोळ्यांशी, कांतीशी जुळताना इटेनला दिसले.

६/ १९६१ च्या आपल्या ग्रंथात इटेनने हा प्रसंग नोंदवला. त्याच ग्रंथात ऋतूंचे रंगही आहेत. पण ते निसर्गाचे रंग होते. माणसांचे चार गट त्याने पाडले नव्हते.

७/ ऋतू माणसांना जोडला गेला तो अमेरिकेत. वेशभूषाकार सुझान केगिल हिने विसाव्या शतकाच्या मध्यापासून ग्राहकांसाठी वैयक्तिक रंगपट तयार केले. तिच्या पद्धतीत प्रत्येक ऋतूचे अनेक उपप्रकार होते. रंगपट एकेका माणसाचा असे.

८/ १९८० साली कॅरोल जॅक्सन हिच्या 'कलर मी ब्यूटिफुल' या पुस्तकाने हे काम घरबसल्या करण्याजोगे केले. स्वतःला पारखायचे, चारांपैकी एक ऋतू निवडायचा आणि छापील रंगतक्ता घेऊन खरेदीला निघायचे. अमेरिकेत नोकरदार स्त्रियांची संख्या वाढत होती. कमी कपड्यांत नीटनेटके दिसण्याची ही युक्ती त्यांना पटली आणि पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या.

९/ सुलभतेची किंमतही होती. गोऱ्या चेहऱ्यांतील बारीक छटांसाठी चार घरे होती. बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि आशियाई लोकांची रवानगी मात्र एकट्या 'शिशिरा'त झाली. पुढे चारांचे बारा प्रकार झाले, ते अशाच त्रुटी भरून काढण्यासाठी. ऋतूही समशीतोष्ण प्रदेशाचेच राहिले. आपल्या सहा ऋतूंतल्या वर्षेला त्यांत जागाच नाही.

१०/ शेव्रलचा नियम दोन रंगांमधल्या नात्याचा होता. शेजार बदलला की रूप बदलते. दीडशे वर्षांत त्या नात्याचे रूपांतर माणसाच्या ओळखीत झाले: 'हा रंग माझ्याजवळ असा दिसतो' याऐवजी 'मी शरद आहे'.

११/ तरीही स्टुडिओत प्रत्यक्ष घडते ते गोबलँचेच. कापड बदलते, चेहरा तोच राहतो आणि पाहणाऱ्याला मात्र चेहरा बदलल्यासारखा वाटतो. त्या काळ्या धाग्याबाबतही हेच झाले होते. त्याला फिका म्हणणाऱ्यांनी त्याचा शेजार पाहिला नव्हता.