सुई आणि कांडी

दिवाळीच्या आधी नाशिकच्या रविवार कारंजावरच्या किराणा दुकानांत अनारशांसाठी खसखस घ्यायला गर्दी होते. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. नशा बियांत नसते, ती असते हिरव्या बोंडाला चीर दिल्यावर पाझरणाऱ्या पांढऱ्या चिकात. या चिकापासून निघणाऱ्या अफूतून १८४८ साली जर्मनीत गेऑर्ग मर्क या तरुण रसायनशास्त्रज्ञाने एक द्रव्य वेगळं केलं. खसखशीच्या लॅटिन नावावरून त्याला पापावेरिन म्हणू लागले. त्यात मॉर्फिनची गुंगी नव्हती. आतड्याला पीळ पडला, रक्तवाहिनी आवळली गेली, की तिथला स्नायू सैल करायचा, एवढंच त्याचं काम. हे काम त्याने कित्येक वर्षं निमूटपणे केलं. पुरुषाच्या ताठरतेशी त्याचा संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

फार्मसीच्या कॉलेजात हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. पुन्हा वह्या उघडल्या त्या एका शेजाऱ्यांमुळे. नाशिकरोडच्या प्रेसमधून ते निवृत्त झाले, साखरेचा त्रास बारा वर्षांचा. कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सोबत असतात. एका सकाळी फेऱ्या संपल्यावर चपला घालता घालता खाली बघतच म्हणाले, "सर, गोळ्यांनी काही होत नाही आता. डॉक्टरांनी दोनच रस्ते सांगितलेत. सुई बरी का ऑपरेशन?"

एवढं विचारायला त्यांना तीन वर्षं लागली होती. ती तीन वर्षं कशात गेली हे मला ठाऊक आहे. मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला इलाजवाल्यांचे तंबू लागतात, एस.टी. स्टँडच्या भिंतींवर 'मर्दाना कमजोरी' आणि 'गुप्तरोग' अशा पाट्या असतात. असल्या इलाजांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी पाट्या आहेत, कारण आपल्या भाषेने या दुखण्याला सरळ नाव ठेवलं नाही. चरकसंहितेत ते होतं. चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार दिले आहेत, आणि त्यातला एक 'ध्वजभंग'. सुश्रुताने कारणांत मनालाही जागा दिली आणि मर्मावर झालेल्या घावालाही. वैद्याच्या दृष्टीने तो एक रोग होता, त्याला कारणं होती. पण 'क्लैब्य' हाच शब्द गीतेत कृष्ण अर्जुनाला धिक्कारताना वापरतो. मराठीत उरले 'षंढ' आणि 'नपुंसक', आणि त्यांची गत शिवीची झाली. गुडघा दुखतो हे चारचौघांत सांगता येतं. हे कसं सांगणार? महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून लोकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं द्यायला सुरुवात केली. त्या उत्तरांपायी ते कोर्टात उभे राहिले, बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं, तरीही दंड झालाच. इंग्रजीतला 'इम्पोटन्स' हा दुबळेपणाचा शिक्का मारणारा शब्द टाकून 'इरेक्टाइल डिसफंक्शन' म्हणावं, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने ठरवलं ते १९९२ साली. मी मराठीत 'ताठरतेचा दोष' म्हणतो. शब्द ओबडधोबड आहे, पण त्यात माणसाचा अपमान नाही.

आता सुईची गोष्ट. पॅरिसमध्ये रोनाल्ड विराग नावाचे रक्तवाहिन्यांचे सर्जन होते. एका शस्त्रक्रियेत पापावेरिन चुकून अशा धमनीत गेलं, जिची एक शाखा शिश्नाला रक्त पुरवते. भूल दिलेल्या रुग्णाला टेबलावरच ताठरता आली आणि ती सुमारे दोन तास टिकली. विराग यांनी ही चूक दडपली नाही, तिच्यामागे लागले. शिश्नाच्या आत दोन्ही बाजूंना स्पंजासारख्या ऊतींच्या दोन नळ्या असतात. एरवी त्यांतला स्नायू आवळलेला असतो. तो सैलावला की धमनीतलं रक्त आत शिरतं, स्पंज फुगतो, फुगलेला स्पंज बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून धरतो आणि रक्त अडतं. पापावेरिन हाच स्नायू सैल करतं. १९८२ साली विराग यांनी 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध केलं.

पुढच्याच वर्षी लास वेगासला मूत्ररोगतज्ज्ञांच्या संमेलनात लंडनचे जाइल्स ब्रिंडली व्याख्यानाला उभे राहिले. हे शरीरशास्त्रज्ञ, अंधांच्या मेंदूत विद्युतशलाका बसवून दृष्टीचा आभास देता येतो का यावर त्यांनी पूर्वी काम केलं होतं. निरनिराळी औषधं स्वतःच्याच शिश्नात टोचून त्यांनी नोंदी ठेवल्या होत्या. तुम्हाला कामुक चित्रं बघून ताठरता आली असेल, अशी शंका कुणी घेऊ नये म्हणून खोलीतून निघण्यापूर्वी सुई टोचून घेऊन ते सभागृहात आले, आणि पुरावा त्यांनी व्यासपीठावरच उघडा केला. ही हकिकत लोक हसत सांगतात. मला त्यात साठीकडे झुकलेल्या एका शास्त्रज्ञाचं धैर्य दिसतं. तोवर हे दुखणं बहुतांशी मनाचं मानलं जाई. व्याख्यान देणाऱ्या माणसाच्या मनात कामविचार असण्याचं कारण नव्हतं, तरी अंगाने औषधाला प्रतिसाद दिला होता. 'तुझ्या डोक्यातच काहीतरी आहे' असं ऐकून घरी परतलेल्या किती मधुमेही पुरुषांना त्या दिवशी न्याय मिळाला असेल!

पापावेरिनला पुढे फेंटोलामाइनची जोड मिळाली, मग प्रोस्टाग्लँडिन ई-१, म्हणजे अल्प्रोस्टाडिल. तिन्हींचं मिश्रण 'ट्रायमिक्स' म्हणून रूढ झालं.

दुसरा रस्ता ऑपरेशनचा, म्हणजे शिश्नात कांडी बसवण्याचा. कांडीचं कुळ सुईहून जुनं. कुत्र्याच्या शिश्नात हाड असतं, माणसाच्या नसतं. नसलेलं हाड घालून पाहावं ही कल्पना सर्जनांना साहजिकच सुचली. १९३६ साली रशियात निकोलाय बोगोराझ यांनी नव्याने घडवलेल्या शिश्नात रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा बसवली. १९५२ मध्ये अमेरिकेत अॅक्रिलिक वापरून झालं. खरी वाट सापडली ती कैरोत. डॉ. बेहेरी यांनी १९६६ साली पॉलिथिनच्या कांड्या थेट त्या दोन स्पंजी नळ्यांच्या आत बसवल्याचा अनुभव मांडला. कांडीला निसर्गानेच केलेलं म्यान मिळालं. आजचं प्रत्येक इम्प्लांट याच जागी बसतं.

मग सिलिकॉन आलं. १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी फुगवता येणारं इम्प्लांट सादर केलं. लघवीवरचा ताबा गेलेल्यांसाठी ते आणि त्यांचे सहकारी कृत्रिम झडप घडवत होते, त्याच द्रव, नळी आणि पंपाच्या विद्येतून हे निघालं. दोन फुगे शिश्नात, पंप अंडकोषाच्या पिशवीत, पाण्याची टाकी ओटीपोटात. दोन वर्षांनी मायामीच्या स्मॉल आणि कॅरियन यांनी साधी, निमताठ सिलिकॉनची जोडी आणली.

आयात केलेल्या पंपाच्या इम्प्लांटला आपल्याकडे काही लाख रुपये पडतात. इथे मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रूपिन शहा यांचं नाव आदराने घ्यायला हवं. त्यांनी देशी, कमी खर्चाची निमताठ कांडी तयार केली. ती 'शहा इम्प्लांट' म्हणून ओळखली जाते. तिच्यावर काढता येणाऱ्या सिलिकॉनच्या बाह्या असतात. सर्जन टेबलावरच बाही ठेवून किंवा उतरवून जाडी जुळवतो, त्यामुळे दर रुग्णासाठी वेगवेगळ्या मापांचा साठा लागत नाही. उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरची जी. सर्जिवेअर ही कंपनी ती बनवते. डोक्यात पाणी साचणाऱ्या बाळांसाठी स्वस्त देशी शंट बनवणारी हीच कंपनी. बाळाच्या मेंदूतलं पाणी उतरवणारी सिलिकॉनची नळी आणि थकलेल्या मधुमेह्याची कांडी एकाच छताखाली घडतात, ही गोष्ट मला फार हलवून जाते.

शेजाऱ्यांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. ट्रॅकच्या कट्ट्यावर बसून कामाचं तेवढं बोललो. सुई इन्सुलिनसारखीच बारीक असते. शिश्नाच्या बाजूला, घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी टोचायची, दर वेळी बाजू बदलायची, नंतर जागा काही मिनिटं दाबून धरायची. पाच-दहा मिनिटांत गुण येतो. पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा, कारण मात्रा डॉक्टर ठरवतात. ताठरता चार तासांवर राहिली तर रात्र असो की लग्नघर, तडक इस्पितळ गाठायचं. अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की आतल्या ऊती मरतात. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात आणि धुळे-नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आढळतो. तो असलेल्या माणसात रक्त अडकून राहण्याचा धोका मोठा, म्हणून सुईआधी ती तपासणी व्हायला हवी. वर्षानुवर्षं टोचून आत कठीण गाठी धरू शकतात. अल्प्रोस्टाडिलने काहींना ठणका लागतो. आणि अनेकजण कंटाळून सोडून देतात. पण सोडता येते, हीच सुईची मोठी बाजू.

ऑपरेशन सोडता येत नाही. कांडी बसवताना आतला स्पंज दाबून जागा करावी लागते. पुढे कांडी काढली तर गोळी आणि सुई दोन्हींचा गुण येण्याची आशा जवळजवळ संपते. साखर ताब्यात नसेल तर जंतुसंसर्गाची भीती जास्त, आणि संसर्ग झाला की सहसा सगळं काढावं लागतं. लांबी वाढत नाही. पण स्पर्शाची जाणीव आणि तृप्ती मूळची असेल तर टिकते, आणि साधारण सहा आठवड्यांनी, जखम भरल्यावर, ना सुईची तयारी ना घड्याळ. बसवून घेतलेल्यांतले बहुतेकजण समाधानी असतात, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पंपाचं यंत्र दहा-पंधरा वर्षांत बिघडू शकतं. कांडीत बिघडायला फारसं काही नाही, पण ती कायम ताठ असते, वाकवून कपड्यांत जपावी लागते. बोटं संधिवाताने आखडलेल्या माणसाला पंप दाबण्यापेक्षा कांडी सोपी.

माझं मत विचाराल तर आधी सुई. ती खरंच निकामी ठरली, किंवा नकोशी झाली, मगच कांडी. आणि त्याही आधी हृदयाची तपासणी. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असतात, त्या आधी तुंबतात. ताठरता जाणं ही कित्येकदा काही वर्षं आधी आलेली हृदयविकाराची वर्दी असते.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या हिला काय सांगू?"

मी म्हटलं, सांगू नका, सोबत घेऊन जा. डॉक्टर दोघांना समोर बसवून सांगतील.

दोन आठवड्यांनी ट्रॅकवर भेटले तेव्हा स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट चांगला आल्याचं त्यांनी आधी सांगितलं. सुई शिकून झाली होती. वहिनींनी पहिल्या दिवशी त्यांचा थरथरणारा हात धरला होता. कुपी फ्रिजमध्ये ठेवायची असते. इन्सुलिनच्या डब्यातच त्यांनी तिला जागा केली होती, आणि सून विचारेल म्हणून डब्यावर वहिनींनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती : बाबांचं औषध.