गोंदियाहून परदेशी धम्मयात्रा : विमान बदलताना काय सांभाळावे

धानाची मळणी आटोपली की आपल्या जिल्ह्यातील विहारांमध्ये धम्मयात्रेची बोलणी सुरू होतात. पूर्वी ती बोधगया, सारनाथ, कुशीनगरपर्यंत असायची. आता थायलंड, श्रीलंकेचीही नावे निघतात. बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी १९५० मध्ये श्रीलंकेला आणि १९५४ मध्ये रंगूनला गेले होते. त्या वाटेने आपणही जावे, असे वाटणे साहजिक आहे. पण तीस-चाळीस उपासक-उपासिकांचा गट, त्यात बरेचसे पहिल्यांदाच विमानात बसणारे, आणि वाटेत दोन-तीन ठिकाणी विमान बदलायचे. अडचण येते ती याच टप्प्यांवर.

आधी मार्ग. बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. १ डिसेंबर २०२३ पासून तिथून इंडिगोची हैदराबादमार्गे तिरुपती सेवा सुरू झाली. हैदराबादला देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय टर्मिनल एकाच इमारतीत आहे, ही ज्येष्ठांसाठी मोठी सोय. मुंबईत टी-१ वर उतरून टी-२ वरून निघायचे असेल, तर सामानासह रस्त्याने जावे लागते. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव आहे, पण तिथून थेट परदेशी विमाने मिळाली ती आखाती देशांकडची. आणखी एक मार्ग सहसा कोणी सुचवत नाही : हावडा लाइनवरून रेल्वेने कोलकाता आणि तिथून थेट बँकॉक. एक रात्र गाडीत जाते, पण विमान बदलावे लागत नाही. गटात गुडघेदुखीवाले जास्त असतील तर मी हाच मार्ग सांगते.

आता तिकीट. साध्या बुकिंगमध्ये एका पीएनआरवर जास्तीत जास्त नऊ प्रवासी बसतात, त्यामुळे चाळीस जणांचे पाच-सहा पीएनआर होतात. नवरा-बायको, सासू-सून एकाच पीएनआरवर आहेत का, ते पाहून घ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोंदिया ते परदेश हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का? तसा असेल तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय करणे ही विमान कंपनीची जबाबदारी असते. टप्प्याटप्प्याची वेगळी तिकिटे स्वस्त पडतात, पण पुढचे विमान चुकले तर पैसे बुडाले. सामानही मध्ये उतरवून पुन्हा जमा करावे लागते. मी ज्या गटासोबत गेले होते, त्याच्या आयोजकाने अशीच वेगळी तिकिटे काढली होती. पहिले विमान दोन तास उशिरा आले. अकरा जणींनी रात्र विमानतळाच्या फरशीवर काढली आणि सकाळी नवीन तिकिटांसाठी बचत गटाच्या अध्यक्षांना गावाकडून पैसे मागवावे लागले. वेगळी तिकिटे काढायचीच असतील तर मध्ये एक मुक्काम ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील धुक्याने विमाने रखडतात, तेव्हा तर नक्कीच.

पासपोर्टची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांची फसवणूक होऊ नये म्हणून केलेली ही तरतूद आहे. श्रीलंका, नेपाळ, जपान, व्हिएतनामला तिचा संबंध नाही. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया मात्र त्या यादीत आहेत. फिरायला जाणाऱ्याला वेगळी परवानगी लागत नाही, पण परतीचे तिकीट आणि व्हिसा लागत असल्यास तो दाखवावा लागतो. म्हणून ही कागदपत्रे एकट्या गटप्रमुखाच्या पिशवीत न ठेवता प्रत्येकीच्या हातात द्या. पन्नाशी ओलांडलेल्यांना शिक्षणाची अट नाही, त्यांना हा शेरा लागत नाही. जुन्या पासपोर्टवर असेल तर नव्याने काढताना तो हटवून घेता येतो. खरी अडवणूक होते ती शाळा अर्धवट सुटलेल्या चाळिशीतल्या बायांची. खिडकीवरचा अधिकारी इंग्रजी-हिंदीत दोन प्रश्न विचारतो आणि त्या गोंधळतात. घरून निघण्यापूर्वी विहारात बसून त्या प्रश्नांची उजळणी करून घ्या.

तिकिटावरचे नाव पासपोर्टप्रमाणेच हवे. आधारवर 'बाई' आहे आणि पासपोर्टवर नाही, असे आपल्याकडे हमखास होते. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी.

पैशांचे एक कलम लोक विसरतात. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. आयकर बसत नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, पण त्यासाठी तो तुमच्या पॅनवर जमा झालेला असावा लागतो. आयोजकाकडून त्याचा दाखला मागा.

व्हीलचेअर मोफत मिळते. किमान दोन दिवस आधी कळवावे. १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येकाला डिजिटल आगमन पत्र भरावे लागते. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, सरकारी संकेतस्थळावर, विनाशुल्क भरले जाते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.