वळचण कुणाच्या हद्दीत?

कौलारू घराचं छप्पर तपासायचं असलं, की आमच्याकडे आधी घर अंधारं करत. दारं लावायची, खिडक्यांवर गोणपाट टाकायचं आणि मान वर करून बघत राहायचं. जिथून कवडसा पडला, तिथलं कौल फुटलेलं किंवा सरकलेलं. घरातल्याने त्या जागी काठीने टकटक करायचं आणि वर चढलेल्याने आवाजाच्या रोखाने हात घालायचा. 'अजून डावीकडे', 'आढ्याकडे सरक', 'मिळालं का?' वैशाखात पनवेलच्या आळ्या-मोहल्ल्यांतून हे संवाद दुपारभर ऐकू येत. या कामाला शाकारणी म्हणतात. पंचविशीतल्या वाचकांपैकी किती जणांनी हा शब्द ऐकला असेल, शंकाच आहे.

शाकारणी दरवर्षी का लागे? कारण कौलं नळीची असत. कुंभाराच्या हातची, अर्धगोल, नुसती एकमेकांवर ठेवलेली. मांजर धावलं, कावळ्याने चोच मारली, वावटळ आली, की सरकलीच. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन माणसाने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारं चपटं कौल पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. तेच आपलं मंगलोरी कौल. त्याने शाकारणी कमी केली. मग पत्रे आले, स्लॅब आले, आणि छपरावर चढायचं कारणच उरलं नाही. गळायला लागलं की निळी ताडपत्री.

आता छप्पर तपासायला ड्रोन आला आहे. सोसायटीच्या गच्चीवर, गोदामाच्या पत्र्यांवर तो फिरतो, फोटो काढतो. उष्णता टिपणारा कॅमेरा लावला, तर पाणी मुरलेली जागाही सापडते. ओल दिवसभराचं ऊन धरून ठेवते, त्यामुळे सूर्य मावळल्यावर ती जागा कोरड्या भागापेक्षा उशिरा थंड होते आणि चित्रात वेगळी उमटते. ही सोय नाकारण्यात शहाणपण नाही. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर पाय देणं म्हणजे काय, हे ज्याने तो पत्रा पायाखाली कडकन मोडताना ऐकला आहे त्याला विचारा. आमच्या ओळखीतला एक गृहस्थ असाच खाली आला, आणि पुढचं आयुष्य त्याने खाटेवर काढलं. छपरावर माणूस न चढवता काम होत असेल, तर ते व्हावंच.

पण मला आज बोलायचं आहे ते वेगळ्या तपासणीबद्दल. छप्पर गळतं का, एवढंच ड्रोन बघत नाही. छप्पर कुणाचं, केवढं, कुठपर्यंत, हेही आता वरूनच बघितलं जातं. या नजरेचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

वरून बघायची हौस माणसाला पहिल्यापासून. पॅरिसच्या नादार नावाच्या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये बलूनमध्ये बसून पहिला हवाई फोटो काढला. जर्मनीतल्या ज्युलियस नॉयब्रोनर या औषधविक्रेत्याने १९०७ च्या सुमारास कबुतरांच्या छातीला चिमुकला कॅमेरा बांधला. कबुतर घराकडे परतताना कॅमेरा आपोआप उघडझाप करी. त्यातल्या काही फोटोंत दोन्ही कडांना पंखांची टोकं दिसतात. आमच्याकडे कबुतरं पाळणारे कमी नव्हते, पण ही अक्कल कुणाला सुचली नाही. आणि १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झालं, तेव्हा जॉर्ज लॉरेन्सने एकामागोमाग बांधलेल्या पतंगांच्या माळेला भला जड कॅमेरा टांगला आणि सुमारे दोन हजार फुटांवरून साऱ्या शहराचा फोटो घेतला. छपरं नसलेल्या घरांच्या रांगाच्या रांगा. आपत्तीनंतर वरून पाहणी करायची जी पद्धत आज सगळीकडे आहे, तिच्या मुळाशी ही पतंगाची दोरी आहे.

आपल्याकडे मात्र मोजणी जमिनीवरूनच झाली. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी नव्याने मोजणी सुरू केली आणि मग ती मुंबई इलाख्यात पसरली. हत्यार काय, तर शंकूसाखळी. लांबी ३३ फूट, तिचे भाग सोळा, आणि भागाला नाव आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. आज पनवेलमध्ये गुंठ्याचा भाव सांगताना लोकांचे डोळे चमकतात. त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल की आपण एका लोखंडी साखळीचा वर्ग विकतो आहोत?

या मोजणीत शेताचा बांधन् बांध आला. गाव मात्र आलं नाही. साहेबाला शेतसारा हवा होता, आणि घराखालच्या जमिनीत काही पिकत नाही. म्हणून गावाच्या नकाशात शेतांना नंबर मिळाले आणि मधे जिथं माणसं राहतात ती जागा एकच एक मोकळी चकती राहिली. तीच गावठाण. स्वातंत्र्यानंतर दोन हजारांवर वस्ती असलेल्या गावठाणांची नगर भूमापनाने मोजणी करायचं धोरण आलं, पण लहान गावं तशीच राहिली. शेताचा सातबारा आहे, घराचा नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या घरात बाळंतपणं झाली, त्या घराचा पुरावा काय, तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठची घरपट्टीची नोंद. कर भरला हे तिने कळतं. मालकी त्याने सिद्ध होत नाही, आणि बँक त्यावर कर्ज द्यायला नाखूश असते.

ही चकती भरायचं काम ड्रोनने केलं, आणि त्याची पहिली परीक्षा आपल्या महाराष्ट्रात झाली. पुरंदर तालुक्यातलं सोनोरी. मल्हारगडाच्या पायथ्याचं गाव, पेशव्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या पानसे सरदारांचं. तिथं २०१८-१९ मध्ये भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीने गावठाणावर ड्रोन फिरवला. १७६७ मध्ये स्थापन झालेला हा सर्वेक्षण विभाग. त्याने साखळी बघितली, थिओडोलाइट यंत्रं बघितली आणि आता हे उडतं खेळणं. सोनोरीच्या अनुभवावर राज्याने २०१९ मध्ये सुमारे ४० हजार गावांच्या गावठाण मोजणीचा निर्णय घेतला. २४ एप्रिल २०२० ला केंद्राने 'स्वामित्व' या नावाने योजना जाहीर केली. ११ ऑक्टोबर २०२० ला सहा राज्यांतल्या ७६३ गावांच्या लोकांना पहिली कार्डं मिळाली. त्यात महाराष्ट्रातली गावं १००. आपल्याकडे या कागदाला सनद म्हणतात. शब्द जुना, दरबारी, आणि मला विचाराल तर फार चांगला निवडलेला.

पद्धत अशी. आधी गावात दवंडी, ग्रामसभा. मग प्रत्येकाने आपल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारायची. ड्रोन सुमारे १२० मीटरवरून जातो, एकावर एक चढणारे फोटो घेतो, आणि ते जुळवून ५०० पट लहान केलेला नकाशा तयार होतो. चूक पाच सेंटिमीटरच्या आसपास. साखळीवाल्यांनी हे ऐकलं असतं तर टोपी काढली असती.

आता वळचणीकडे येऊ. छपराचा सर्वांत वरचा कणा ते आढं आणि भिंतीबाहेर येणारी खालची कड ती वळचण. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आपण म्हणतो. सोनोरीसारख्या कमी पावसाच्या गावात वळचण आखूड असते, किंवा धाब्याच्या घराला नसतेच. कोकणात पाऊस आडवा येतो. मातीच्या भिंती वाचवायच्या तर पाखं दोन-अडीच हात बाहेर काढावं लागतं. हिशेब करून बघा. तीस फूट बाय चाळीस फुटांचं घर, भिंतींच्या मापाने १२०० चौरस फूट. चारी बाजूंना वळचण अडीच-अडीच फूट धरली, तर वरून दिसणारं छप्पर होतं १५७५. फरक ३७५ चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. पाच सेंटिमीटरची अचूकता घेऊन आलेल्या यंत्रासमोर अडीच फुटांचा हा प्रश्न उभा राहतो, की मोजायची ती भिंत की वळचण?

कायद्याला हा प्रश्न नवा नाही. तुमच्या वळचणीचं पाणी माझ्या जागेत वीस वर्षं बिनतक्रार, हक्काने पडत असेल, तर ते पाडायचा अधिकार तुम्हाला मिळू शकतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात त्याची तरतूद आहे. पण तो अधिकार पाण्याचा, जागेचा नव्हे. पागोळी जिथं पडते ती माती माझीच. भावाभावांच्या वाटण्यांत हा बारकावा शंभर भांडणं उभी करतो, आणि तितकीच मिटवतोही. वरून घेतलेल्या फोटोत मात्र पागोळी दिसत नाही. दोन घरांची पाखी एकमेकींना भिडली असतील, तर मधला बोळही दिसत नाही. दोन भावांचं एकच घर होऊन जातं. म्हणूनच ती चुन्याची रेघ महत्त्वाची, आणि नकाशा हातात घेऊन घरोघरी फिरणारा भूमापक त्याहून महत्त्वाचा. त्याला टेप लावावीच लागते. ज्या गावात तो घाईत आहे, त्या गावात पुढची पन्नास वर्षं वकिलांची.

छपराखाली काय आहे, हेही वरून कळत नाही. किल्लारीचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप हादरे देतो, मारतं घर. जाड दगडी भिंती, त्यांवर लाकडी सांगाडा आणि त्यावर मातीचं माळवद. गळती थांबावी म्हणून वरून मातीचा थर, पुन्हा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं ते छप्पर वर्षागणिक जड होत गेलं. त्या आदल्या संध्याकाळी कुणी वरून फोटो घेतला असता, तर सपाट, सारवलेली, नीटनेटकी छपरं दिसली असती. वजन फोटोत येत नाही. ते आतल्या तुळईच्या वाकावरून ओळखावं लागतं. मान वर करूनच.

आमच्या पनवेलकडे हा विषय आणखी निराळ्या वाटेने येतो. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी. २०१६ मध्ये तिची महापालिका झाली आणि २९ गावं तिच्यात आली. त्याआधी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडातल्या ९५ गावांच्या शेतजमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. शेती गेली, गावठाण तेवढं राहिलं. तीच ती साहेबाने न मोजलेली चकती. पण माणसं वाढायची थांबत नाहीत. एका घराची चार चुली झाल्या आणि मुलांनी गावठाणाच्या रेघेबाहेर घरं बांधली. त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' असं नाव पडलं. बाप ज्या जमिनीत भात लावत होता, तिच्यावर मुलगा अतिक्रमणवाला ठरला! ही घरं नियमित करण्यासाठी शासनाने वेळोवेळी निर्णय काढले, २०२२ मध्येही काढला, पण प्रत्येक वेळी वाद एकाच प्रश्नापाशी अडतो, की गावठाण कुठं संपतं?

इथं वरून घेतलेला फोटो दुधारी होतो. सोनोरीत छपराचा फोटो मालकीची सनद घेऊन आला. इथं तोच फोटो तारखेसकट पुरावा होतो, की अमुक साली हे छप्पर नव्हतं, तमुक साली आहे. म्हणून मोजणीचं पथक आलं की एका गावात चहा मिळतो आणि दुसऱ्या गावात रस्ता अडवला जातो. दोन्ही ठिकाणची माणसं आपापल्या परीने शहाणीच आहेत. गावठाणाचा सिटी सर्व्हे करा, ही मागणी याच गावांनी वर्षानुवर्षं लावून धरली आहे. त्यांचं म्हणणं इतकंच की आधी वाढलेल्या गावाची हद्द मान्य करा, मग मोजा.

काही गावांना तर मोजायला छप्परच उरलं नाही. विमानतळासाठी दहा गावं उठली. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, ओवळे, वाघिवली आणि वाघिवलीवाडा. उलव्याची टेकडीही कापून सपाट केली गेली. लोकांनी आपल्या हातांनी घरं उतरवली. घर उतरवताना क्रम उलटा असतो. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, शेवटी आढं. विकायच्या वासराच्या अंगावरून हात फिरवावा, तसं एक म्हातारा आढ्याच्या लाकडावरून हात फिरवत होता, एवढं मी पाहिलं आहे.

८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला प्रवासी विमानं उडू लागली. ड्रोनसाठी २०२१ पासून जे नियम आहेत, त्यांत चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. जुनं पनवेल गाव या आठ किलोमीटरच्या आतच येतं. तेव्हा आमच्या आळीत कुणाला ड्रोनने छप्पर तपासून घ्यायचं असेल, तर आधी अर्ज करावा लागेल. शिडी लावायला अजून तरी परवानगी लागत नाही, पण कौलांवर पाय कुठं ठेवायचा हे ठाऊक असलेला माणूस शोधायला आता कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत जावं लागतं, आणि तोही विचारतो, 'शेठ, पत्रे का टाकत नाही?'