डहाणूकडील बाहेरचें खाणेंपिणें

डहाणूचें नांव निघालें कीं मुंबईकरास प्रथम चिकू आठवतो, मग समुद्र, आणि मग एखाद्या पारशी वा इराणी उपाहारगृहांतील जेवण. केळीच्या पानांत गुंडाळून वाफविलेलें पापलेट, धानशाक, शेवटीं अंड्यादुधाचें कस्टर्ड; अशा ताटासाठीं शेंसव्वाशें किलोमीटरांचा प्रवास करणारीं कुटुंबें आजहि आहेत. परंतु या किनाऱ्यावर घराबाहेर चार माणसांत बसण्याची रीत ताटापासून सुरू झाली नाहीं. ती पेल्यापासून सुरू झाली. येथील उपाहारगृहाची वंशावळ लिहावयाची तर पहिलें नांव ताडीच्या दुकानाचें घालावें लागेल.

ताड आणि शिंदी हीं या पट्टींतील जुनीं रहिवासी झाडें. पहाटे उतरविलेली नीरा गोड व निरुपद्रवी असते. ऊन चढूं लागलें कीं ती आंबते आणि तिची ताडी होते. असें पेय दूर नेण्याजोगें नव्हे. पिणाऱ्यानेंच झाडाकडे यावें लागे. अरण्यपट्टींत मोहाच्या फुलांची दारू घरोघर गाळीत. वारल्याच्या घरीं लग्न असो कीं मर्तिक, देवाला आणि पाहुण्याला ती लागेच. तिला किंमत अशी नव्हती, कारण फुलें रानांत पडत.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें हें चित्र पालटलें. झाड कोणाचेंहि असो, त्याला छेद देण्यापूर्वीं सरकारास कर देणें भाग पडलें, आणि विक्रीचा हक्क मक्तेदाराच्या हातीं गेला. पुढें १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांचा निराळा कायदा झाला. टंचाईच्या दिवसांत हींच फुलें गरीब शिजवून खात. तीं घरांत सांपडणें आतां गुन्ह्याचें कारण होऊं लागलें. मक्त्याचीं दुकानें पुष्कळ ठिकाणीं पारशी व्यापाऱ्यांकडे होतीं. तोच दुकानदार, तोच सावकार आणि कित्येकदां तोच जमीनदार. उधारीवर प्यालेला पेला शेतांतल्या मजुरीनें फेडावा लागे. ज्या दुकानांत मनुष्य घटकाभर विसावा शोधावयास जाई, तेथेंच त्याचें कर्ज लिहिलें जाई.

याचा प्रतिकार प्रथम कोणा पुढाऱ्यानें केला नाहीं. १९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेल्यांत देवी अंगांत येऊं लागली, आणि तिची आज्ञा अशी कीं दारू सोडा, ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज स्नान करा. मासेमाराला मासा सोडावयास सांगणारी ही देवी! तरीहि लोकांनीं तें मानलें. लाट किनाऱ्याकिनाऱ्यानें उत्तरेस सरकली, तेथून डोंगराकडे वळली, आणि वर्षअखेर सुरत जिल्ह्यांतील आदिवासींत पोंचली. दुकानें ओस पडलीं. पारशी दुकानदारांशीं व्यवहार तोडण्याचीहि आज्ञा निघाली. कांहीं महिन्यांनीं पुष्कळजण पुन्हां पिऊं लागले हें खरें. पण ठरविलें तर दुकान बंद पाडतां येतें, हा अनुभव लहान नव्हता.

दुसरा प्रवाह रेल्वेनें आणिला. मुंबईस गुजरातेशीं जोडणारा लोहमार्ग १८६४ सालीं पूर्ण झाला. जुनें गांव खाडीच्या तोंडाशीं आणि स्थानक त्याच्या पूर्वेस. म्हणून स्थानकाचें नांव डहाणू रोड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यझ्द व केरमानकडील झरतुष्ट्री इराणी छळाला व दारिद्र्याला कंटाळून मोठ्या संख्येनें हिंदुस्थानांत आले. त्यांतील कांहींनीं मुंबईच्या नाक्यांवर चहाचीं दुकानें थाटलीं, तर कांहींनीं डहाणू-घोलवडकडे जमिनी घेऊन चिकूच्या वाड्या लाविल्या. त्याच घोलवडच्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मुंबईच्या इराण्याकडे संगमरवरी मेजावर कोणीहि कोणाच्या शेजारीं बसून चहा व ब्रूनमस्का घेई. सोंवळेंओंवळें मानणाऱ्या समाजास ही केवढी मोठी घटना होती याचा आतां विसर पडला आहे.

डहाणूच्या वाडींत कुदळ चालविणाऱ्या वारल्याला मात्र असें मेज दूरच राहिलें. उपाहारगृहाचें गिऱ्हाईक होण्यास दोन गोष्टी लागतात: खिशांत रोकड आणि बसण्याचा हक्क. वेठीच्या माणसाजवळ दोन्ही नव्हत्या. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्यानें १९३९ च्या आपल्या अहवालांत वेठीचें वर्णन सरकारपुढें मांडलें; परंतु ती मोडली वारल्यांनीं स्वतः. २३ मे १९४५ रोजीं तेव्हांच्या उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें त्यांची परिषद भरली. शामराव व गोदावरी परुळेकर तिचे मार्गदर्शक होते. ऑक्टोबरांत तलवाडा येथें गोळीबार झाला; जेठ्या गांगड व आणखी चार जण त्यांत पडले. यानंतर गवतकापणीची मजुरी रोकडींत मागण्याचें बळ आलें. हक्काची बाजू १९५० सालीं राज्यघटनेनें पुरी केली. तिच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा नांवानिशीं उल्लेख आहे. घटनेसारख्या गंभीर ग्रंथांत चहाच्या दुकानाला जागा मिळावी, याचें मर्म या तालुक्यांत फिरल्यावांचून कळावयाचें नाहीं.

त्याच सुमारास, १९४९ च्या कायद्यानें, मुंबई इलाख्यांत दारूबंदी आली. १९६० सालीं राज्य विभागलें. उंबरगांवचा बराच भाग गुजरातेंत गेला, तलासरीकडचा महाराष्ट्रांत राहिला. पुढें महाराष्ट्रानें परवान्यांची वाट मोकळी केली, गुजरातेनें बंदी कायम ठेविली. आणि दमण तर १९६१ च्या डिसेंबरापर्यंत पोर्तुगीजांकडेच होतें, तेथील रीत अजून निराळी. नकाशावरील रेघ भाषेंत फारशी दिसत नाहीं, ताटांतहि दिसत नाहीं. पेल्यांत ती लगेच दिसते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तलासरी हा महाराष्ट्राचा शेवटचा तालुका. गुजराती थाळी, पंजाबी डाळ आणि सुक्या बोंबलांचें कालवण येथें एकाच छपराखालीं मिळूं शकतें. उदवाड्याच्या पवित्र अग्नीच्या दर्शनास मोटारीनें निघालेले पारशी यात्रेकरूहि याच रस्त्यानें जातात. २०१३ च्या एप्रिलांत मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, आणि रविवारचा पाहुणा वाढला.

उन्हाळ्यांत याच रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात. टोपलींत ताडगोळे असतात, त्याच ताडाचे. आणि त्यांचा भाव त्या स्वतः सांगतात.