मयूखादित्याची नगरी

काशीच्या उत्तरभागी, पंचगंगा घाटाच्या परिसरात मंगला गौरीचे देवालय आहे. श्रावणातल्या मंगळवारी आपल्या घराघरांतून जी पूजिली जाते, तीच ही देवता. तिच्याच सान्निध्यात गभस्तीश्वर आणि मयूखादित्य यांची स्थाने आहेत. काशीखंडातील कथा अशी, की सूर्याने येथे उग्र तप केले. त्याच्या घामापासून किरणा नदी उत्पन्न झाली. आणि लोकांना आकाशात त्याचे शरीर न दिसता केवळ किरण दिसले, म्हणून तो मयूखादित्य. खाली घाटावर गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्यांचा संगम मानतात. डोळ्यांना दिसते ती मात्र एकटी गंगा. आकार लोपला तरी तेज उरते, आणि दृश्याच्या पोटातून अदृश्य वाहत असते, हा विचार या भूमीला नवा नाही. चित्रकाराच्या कुंचल्याने तो मांडला जाण्यास मात्र विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आपल्या लोकांचा या भागाशी संबंध जुना आहे. नाथांनी आपल्या भागवतटीकेचा शेवट वाराणसीतच १५७३ मध्ये केला. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या टापूत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. आपण येथे घाट बांधले, देवळे उभारली, ग्रंथ लिहिले. परंतु या तीराचे निसर्गचित्र म्हणावे असे काही आपल्या हातून उतरले नाही. तीर्थ हे पाहण्याचे नव्हे, करण्याचे, अशी आपली धारणा. काशीचे रूप कागदावर उतरवले ते परक्यांनी. विल्यम हॉजिस १७८१ मध्ये येथे होता. पुढे डॅनियल मंडळी आली. आणि १८२० ते १८३० या काळात येथल्या टांकसाळीत अधिकारी असलेल्या जेम्स प्रिन्सेपने घाटांची अत्यंत काटेकोर रेखाटने केली. बिंदुमाधवाच्या जागी औरंगजेबाने उभारलेल्या मशिदीचे उंच मनोरे त्यांत पाहून स्थळ कोणते हे कोणीही सांगावे. ही चित्रे अमोल आहेत. पण ती डोळ्यांची नोंद होय.

१९६० साली दोन चित्रकार काशीस आले. एक मकबूल फिदा हुसेन, जन्माने पंढरपूरचे. दुसरे रामकुमार, सिमल्यास १९२४ मध्ये जन्मलेले. रामकुमारांनी अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले, बँकेची नोकरी सोडली, आणि पॅरिसला जाऊन आंद्रे ल्होत व फर्नां लेजे यांच्यापाशी धडे घेतले. ते हिंदीतील कथाकारही होते. निर्मल वर्मा हे त्यांचे धाकटे बंधू. १९५० नंतरच्या दशकातील त्यांच्या चित्रांत शहरातली उदास, बेकार, हरवलेली माणसे उभी दिसतात आणि त्यांच्या पाठीशी घरांची दाटी असते. काशीनंतर माणसे गेली. दाटी तेवढी उरली.

हा बदल कसा घडला हे पाहण्यासारखे आहे. क्षितिज नाहीसे झाले. घरे एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी रचली गेली. खिडक्या काळ्या पोकळ्या झाल्या. पायऱ्या, भिंती आणि पाणी यांचे राखाडी, काळपट, मातकट पट्टे झाले. पुढे तेही विरत गेले, आणि रंगांचे तिरपे थर फक्त एखाद्या तीराची आठवण देऊ लागले. त्या चित्रांतला घाट कोणता, असे विचारण्यात अर्थ नाही. प्रिन्सेपला स्थळ हवे होते. रामकुमारांना त्या स्थळी उभ्या असलेल्या मनाची अवस्था हवी होती.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. काशी ही माणसांनी ओसंडणारी नगरी. स्नानार्थी, नावाडी, मरणाची वाट पाहणाऱ्या विधवा, या सर्वांना वगळून काशी रंगवणे ही दुःखाकडे फिरवलेली पाठ नव्हे काय? मला तसे वाटत नाही. घाटावरल्या व्यथित चेहऱ्यांची ती गर्दी रामकुमारांच्या मनावर खोल उमटली होती. पूर्वी त्यांनी दुःखाला चेहरा दिला होता. तो पाहून आपण हळहळतो आणि ते दुःख त्या माणसाचे, असे मानून पुढे जातो. भिंतीवर उतरलेल्या दुःखाला मालक नसतो. निर्मनुष्य घाटावर उभे राहणारे माणूस मग एकच उरते, ते म्हणजे पाहणारा.

याच वर्षी, १९२४ मध्ये, नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे याच वाटेने आणखी पुढे गेले. त्यांनी तीराची आठवणही ठेवली नाही. केवळ प्रकाश ठेवला. रामकुमार मात्र अर्ध्या वाटेवर थांबले, आणि २०१८ मध्ये निधन होईतो काशी त्यांच्या चित्रांतून पुरती सुटली नाही. हे अपुरेपण नव्हे. ज्यांचे आयुष्य बदलीच्या गावांत गेले, त्यांना याचा अर्थ निराळा सांगायला नको. सोडलेल्या गावातली नावे पुसट होतात, चेहरे मिटतात. उरतो एक उतार, भिंतीचा एक रंग, पाण्यावरची एक तिरीप. तो त्या गावाचा नकाशा नसतो, आणि तरीही आपल्यापाशी असते ते गाव तेवढेच. मयूखादित्याच्या नगरीने रामकुमारांना जे दिले, ते हेच.