डिचोलीचा संघ आणि खाणीचा पगार

भारताची राष्ट्रीय फुटबॉल लीग पाच वेळा जिंकलेला धेंपो संघ मूळचा डिचोलीचा, हे डिचोलीतल्या मुलांना सांगितलं तर आज त्यांना ते खरं वाटत नाही. त्यांच्या लेखी धेंपो म्हणजे पणजी आणि फातोर्डा. डिचोलीशी या नावाचं नातं असलंच तर खाणीचं. पण १९६१ साली, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, या खाणींच्या गावात ‘क्लुब देस्पोर्तिव्हा’ नावाचा फुटबॉल संघ उभा राहिला. १९६६ मध्ये तो गोव्याच्या पहिल्या विभागात चढला. १९६७ मध्ये धेंपो कंपनीने तो हाती घेतला तेव्हा त्याचं नाव धेंपो सौझा झालं आणि १९६८ मध्ये धेंपो स्पोर्ट्स क्लब. पुढचा इतिहास फुटबॉलच्या पुस्तकांत सापडतो. सुरुवातीची ही सात वर्षं मात्र गावाच्या आठवणीतूनही पुसत चालली आहेत.

मी पेडण्याचा. नोकरी डिचोलीत झाली, हायस्कुलात इतिहास शिकवण्यात. नव्या काबिजादींचा धडा दर वर्षी यायचा. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली, पेडणे १७८८ मध्ये. बार्देश, तिसवाडी आणि सासष्टी या जुन्या काबिजादी त्याच्या कितीतरी आधीच्या. हा धडा शिकवताना मला हटकून फुटबॉल आठवायचा, कारण गोव्यात हा खेळ कुठे आधी रुजला आणि कुठे उशिरा, हे बरंचसं याच सीमारेषेने ठरवलं.

१८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या ब्रिटिश पाद्रीने शिवोलीत मुलांना फुटबॉल शिकवला. गोव्यातल्या फुटबॉलचा आरंभ तिथून मानतात. शिवोली बार्देशात, आणि समोरच्या काठावरचं चोपडें पेडणे तालुक्यात. मध्ये फक्त शापोरा नदी. लहानपणी आम्ही ती फेरीबोटीने ओलांडायचो. चेंडूला मात्र ती ओलांडायला कित्येक दशकं लागली. खेळ वाढला तो इगर्जीच्या पटांगणात आणि पाद्रींच्या इंग्रजी शाळांत. आमच्या पेडण्यात इगर्जी थोड्या, इंग्रजी शाळा त्याहून थोड्या. आमची संध्याकाळ देवळाच्या आवारात जायची आणि हिवाळ्याच्या रात्री दशावताराच्या. पेडण्याच्या पुनवेला आख्खा तालुका भगवतीच्या देवळाकडे लोटायचा. अंगात रग असलेल्या पोराने काय करावं याची आमच्याकडची उत्तरं वेगळी होती. तो दशावतारात संकासुर नाचायचा, नाही तर कामधंद्याला मुंबईची वाट धरायचा.

मुक्तीनंतर ते बदललं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. भाऊसाहेबांचा जन्म पेडण्याचा, १९११ चा. ते स्वतः खाणमालक आणि खेळाचे शौकीन. त्यांच्या नावाची सुवर्णचषक स्पर्धा पुढे गोव्याच्या फुटबॉलमध्ये फार मानाची झाली. शाळा आली म्हणजे एका वयाची वीस-पंचवीस पोरं रोज एकत्र येऊ लागली, आणि भात कापून झालं की शेतं मोकळीच असायची. पेडण्यातला फुटबॉल या कापलेल्या शेतांत वाढला. पायात काही नसायचं. भाताची खुंटं टोचायची आणि चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसायचा. आमचा दादा तिथेच खेळायला शिकला. शिवोलीची मुलं नदी ओलांडून सामने खेळायला येत, त्यांना अडवता अडवता तो चांगला बचावपटू झाला.

दादाला त्या खेळावर नोकरी मिळाली. ही नोकरी हा या लेखाचा खरा विषय आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोखंड हवं होतं आणि गोव्याच्या डोंगरांत ते होतं. डिचोली, शिरगाव, मये, साखळी हा सगळा पट्टा काही वर्षांत लाल झाला. खनिजाचे ट्रक सारमानसच्या धक्क्याला लागायचे. तिथून बार्ज मांडवीतून मुरगावकडे निघायचे. कंपन्यांना मजूर, कारकून, ड्रायव्हर, मेकॅनिक असे सगळे हवे होते. कामगार कुठून कुठून आलेले, कोणी घाटावरचे, कोणी सावंतवाडीकडचे, कोणी सासष्टीचे. त्यांना रविवारी एका बाजूला उभं राहून ओरडायला लावील असं काही तरी कंपन्यांनाही हवं होतं, आणि ते फुटबॉलने दिलं. वास्कोला व्ही. एम. साळगावकरांचा संघ १९५६ पासूनच होता, आधी त्याचं नाव विमसन होतं. सेझा गोव्याचा संघ आला. डिचोलीचा संघ धेंपोंनी घेतला. गोव्याच्या फुटबॉलमध्ये पैसा आला तो तिकिटांतून आला नाही, खनिजातून आला.

दादा एका कंपनीच्या संघात लागला. हजेरीपटावर तो वजनकाट्याचा कारकून होता. सकाळी ट्रकांच्या नोंदी करायच्या आणि दुपारनंतर मैदान. पगार बाकीच्या कारकुनांइतकाच, वर बूट, दूध-अंडी आणि सामन्याच्या दिवशी भत्ता. सामना जिंकला की सोमवारी साहेब स्वतः काट्यावर येऊन हात मिळवायचे. आईला त्या हात मिळवण्याचं फार कौतुक होतं. मुलगा काय काम करतो असं कोणी विचारलं तर ती ‘मायनीर आसा’ म्हणायची, खेळतो असं म्हणायची नाही. खेळ हे काम असू शकतं ही गोष्ट आमच्या घरात कोणाला पटलेली नव्हती, आणि दादालाही ती पुरती पटली होती असं मला वाटत नाही.

तिशीच्या आत त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण पाय पूर्ववत झाला नाही. खेळ संपला, नोकरी राहिली. निवृत्त होईपर्यंत तो कंपनीत होता. त्याची मुलं शिकली, घरावर मंगळुरी कौलं चढली. कंपनीच्या संघाची पद्धत खेळाडूला मोठा करत नव्हती, पण मोडलेल्या खेळाडूला रस्त्यावरही टाकत नव्हती. गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास लिहिताना चषकांची यादी आधी येते. मला विचाराल तर ही दुसरी गोष्ट आधी यायला हवी.

ही व्यवस्था केवळ गोव्याची नव्हती. तुर्कस्तानातलं बुर्सा शहर मोटारींच्या कारखान्यांचं. तिथे ओयाक रेनो आणि तोफाश या मोटार कंपन्यांचे बास्केटबॉल संघ होते आणि इस्तंबूलमध्ये एफेस या बिअर कंपनीचा. १९७९ मध्ये जन्मलेला, जवळजवळ सात फूट उंचीचा मेहमेत ओकुर हा सेंटर या तिन्ही संघांतून वर आला: आधी ओयाक रेनो, मग तोफाश, मग एफेस. तोफाशने १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन वर्षं तुर्की लीग जिंकली आणि लगेच कंपनीने व्यावसायिक संघ आवरता घेतला. ओकुर एफेसकडे गेला, २००१ मध्ये अमेरिकेच्या एनबीएने त्याला निवडलं, २००४ मध्ये तो डेट्रॉइट पिस्टन्सबरोबर विजेता झाला आणि २००७ मध्ये ऑल-स्टार सामन्यात खेळला. दोन्ही मान मिळवणारा तो पहिला तुर्की खेळाडू. २०१० मध्ये त्याच्या टाचेची शीर तुटली आणि दोन वर्षांत कारकीर्द संपली. ओकुरने तोवर भरपूर कमावलं होतं, त्याची चिंता करायचं कारण नाही. मला त्याच्या गोष्टीत दिसते ती कारखान्याची शिडी. मजूर आणि कारकुनांसाठी उभारलेल्या संघातून एक मुलगा जगाच्या मैदानावर जातो, आणि त्याच्या पाठीमागे ती शिडी काढून घेतली जाते.

गोव्यातही मोठी माणसं याच शिडीवरून चढली. ताळगावचा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर साळगावकर संघात वर्षानुवर्षं उभा राहिला आणि भारताचा कर्णधार झाला. १९८२-८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संतोष चषक वाटून घेतला आणि पुढच्याच वर्षी तो एकट्याने जिंकला. त्या दिवसांत डिचोलीच्या बाजारात रेडिओभोवती माणसं कशी दाटायची ते मी पाहिलं आहे. आमच्याकडच्या हिंदू घरांत फुटबॉल हा ‘त्यांचा’ खेळ असं एक जुनं, न बोललेलं मत होतं. ते मत ब्रह्मानंदने मोडलं. शेतात गोल अडवणारं प्रत्येक पोर स्वतःला ब्रह्मानंद म्हणवून घ्यायचं. त्याला १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये पद्मश्री. पद्मश्रीला फार उशीर झाला, हे माझं स्पष्ट मत आहे.

धेंपोने सत्तरच्या दशकातच मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकून दाखवला होता. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि धंद्याची रीत पालटली. हजेरीपटावरचा कारकून गेला, करारावरचा खेळाडू आला. वर्षाचा करार, नाही तर दोन वर्षांचा. परदेशातून माणसं आली. नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आठ वर्षं धेंपोचे गोल करत राहिला. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच मुलांनी संघ बांधला. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ या पाच मोसमांत देशाचं विजेतेपद त्यांनी आणलं. २००८ मध्ये धेंपो आशियाच्या एएफसी चषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला.

या यशाच्या उंबरठ्यावरच क्रिस्तियानो ज्युनियर गेला. ब्राझीलचा हा आघाडीचा खेळाडू. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरव मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. धेंपोचे दोन्ही गोल त्यानेच केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो मैदानावर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय पंचवीस. ओकुर अमेरिकेत विजेता झाला तो याच वर्षी, त्याच वयाचा. एकाच धंद्यात, घरापासून दूर, दोघेही दुसऱ्याच्या देशात खेळत होते. धेंपोने त्याची दहा नंबरची जर्सी पुन्हा कोणाला दिली नाही. पुढच्या वर्षी लीग जिंकली तेव्हा दादा टीव्हीसमोर बसून रडला. तो क्रिस्तियानोला कधी भेटला नव्हता.

त्यानंतरचं झपाट्याने घडलं. धेंपोंनी आपल्या खाणी २००९ मध्ये सेझा गोवाला विकल्या. २०१२ मध्ये गोव्यातलं खाणकाम बंद झालं, मध्यंतरी सुरू होऊन २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्यावर पुन्हा थांबलं. डिचोलीच्या रस्त्यांवर ट्रक ओळीने गंजत उभे होते, माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी त्या ट्रकांचे हप्ते थकले होते. फुटबॉलमध्ये २०१४ पासून इंडियन सुपर लीग आली आणि जुन्या लीगचा मान खाली गेला. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाच्या धोरणाचा निषेध म्हणून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब हे तिन्ही संघ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. खाणी थांबल्या म्हणून संघ बाहेर पडले असं म्हणणं चूक ठरेल, दोन्हींची कारणं वेगळी आहेत. पण ज्या माणसाच्या घरात आधी खाणीचा पगार होता आणि मग मुलाचा करार, त्याच्या घरावर दोन्ही आघात चार-पाच वर्षांच्या आत आले. धेंपोचा संघ आठ वर्षांनी, २०२४-२५ च्या मोसमात, आय-लीग नावाच्या त्याच राष्ट्रीय लीगमध्ये परतला. डिचोलीतही २०२४ मध्ये खनिज पुन्हा निघू लागलं.

व्यावसायिक खेळाडूला आज पूर्वीपेक्षा चांगले पैसे मिळतात आणि ते त्याला मिळायलाच हवेत. कारकुनीच्या पगारावर देशाचा कर्णधार खेळवण्याचे दिवस परत यावेत असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण करार संपल्यावर, गुडघा गेल्यावर त्याचं पुढे काय, या प्रश्नाचं एक उत्तर खाणकंपन्यांच्या त्या संघांकडे होतं. नव्या लीगकडे ते नाही. क्लबांनी, गोवा फुटबॉल संघटनेने आणि सरकारनेही ते आता द्यायला हवं. विमा, शिक्षण आणि खेळ सुटल्यावरची नोकरी या तिन्ही गोष्टी करारातच लिहिल्या गेल्या पाहिजेत.

आणि डिचोलीच्या लोकांना माझी एक विनंती आहे. १९६१ ते १९६८ या काळात क्लुब देस्पोर्तिव्हात आणि धेंपो सौझात कोण कोण खेळलं याची पूर्ण यादी माझ्या पाहण्यात नाही. ज्यांच्या घरी त्या संघाचा फोटो, सामन्याची जाहिरात, वर्तमानपत्राचं कात्रण किंवा कंपनीचं नेमणूकपत्र असेल त्यांनी त्याची प्रत गावच्या वाचनालयात द्यावी, फोटोमागे नावं लिहून. ती नावं ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. हे काम येत्या वर्षा-दोन वर्षांतच व्हायला हवं.